दोनदा टिंग

“बाबा, त्या रस्त्यावर एकही गाडी नाही. एकसुद्धा!” मुलगी हे वर्षभर फोनवर सांगत होती. ती आणि जावई ब्रिस्टलला असतात. मी दरवेळी “हो का, वा!” म्हणायचो, पण खरं सांगायचं तर डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. पुण्यात ज्या रस्त्यावर एकही गाडी नसते, तो एकतर खणून ठेवलेला असतो, नाहीतर त्यावरून मिरवणूक चाललेली असते.

ऑगस्टअखेर आम्ही तिकडे गेलो आणि तिसऱ्याच दिवशी बेत ठरला. ब्रिस्टल ते बाथ सायकलने, एकवीस किलोमीटर. तिथे जेवण. मग बाथच्या भोवती आणखी एक फेरी, तीही साधारण तेवढीच. बेरीज जावयाने केली नाही आणि मी विचारली नाही. ही मात्र हिशोबाला पक्की. “तुम्ही व्हा पुढे,” ही म्हणाली, “मी आगगाडीने येते.” आगगाडीला बारा-पंधरा मिनिटं लागतात.

भाड्याच्या सायकलच्या दुकानात मला जी सायकल दिली तिला गिअर इतके होते की आमच्या अख्ख्या वाड्यात मिळून तेवढे नसतील. मी कौतुकाने बघितली ती घंटी. हँडलला चिकटलेली, आमटीच्या वाटीपेक्षाही लहान, पितळेची. सवयीने अंगठा गेला. टिंग. दुकानातली तीन माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली.

“इथे नवी सायकल विकताना घंटी लावणं कायद्याने बंधनकारक आहे,” जावई म्हणाला. “नंतर काढून टाकली तरी चालते.”

म्हणजे आमच्या हेल्मेटसारखंच. गाडीबरोबर घ्यायचं आणि आरशाला अडकवायचं.

आता माझं आणि घंटीचं नातं सांगायला हवं. पुणं सायकलींचं गाव होतं तेव्हा मी शाळेत होतो. लक्ष्मी रोडवर सायकल शिकलेल्या पोराला घंटी वाजवायला कारण लागत नसे. अंगठा मोकळा असला की ती वाजायची. समोर कोणी असलं तर बाजूला व्हावं म्हणून, कोणी नसलं तर आनंदाने. ऐकणाराही मनाला लावून घ्यायचा नाही, कारण तो ऐकतच नसे. एवढ्या अनुभवावर मी इंग्लंडच्या रस्त्यावर उतरलो.

रस्ता खरोखर देखणा. तीन मीटर रुंद, गुळगुळीत डांबर, दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, निळ्या पाटीवर लाल चौकटीत पांढरा चार आकडा. हा एकेकाळचा रेल्वेमार्ग. साठच्या दशकात इंग्लंडात तोट्यातल्या आगगाड्या बंद करायची लाटच आली होती; १९६३ साली रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बीचिंगसाहेब यांनी अहवाल दिला आणि हजारो मैल रूळ उखडले गेले. हा मार्गही त्याच काळात ओसाड पडला. पुढे ब्रिस्टलच्या काही सायकलवेड्यांनी १९७९ पासून फावडी-घमेली घेऊन त्याचा सायकलमार्ग करायला घेतला आणि १९८६ पर्यंत तो बाथपासून ब्रिस्टलपर्यंत पोचवला. देशभरचं सायकलमार्गांचं जाळं मग इथूनच वाढत गेलं. हे सगळं जावयाने चालत्या सायकलवरून, धाप न लागता सांगितलं. मला त्यातला एकच मुद्दा जिव्हाळ्याचा वाटला. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून तिची वाट सपाट काढतात. मलाही झेपत नाही. आमचं जमलं.

गाडी मात्र खरंच एकही नव्हती. बाकी सगळं होतं. बाबागाड्या होत्या, त्यांतली एक जुळ्यांची, म्हणजे दुपदरी. पळणारे होते. पळता पळता बाबागाडी ढकलणारे होते. चिकट कपड्यांतले, ऑफिसला निघालेले सायकलस्वार होते, ते कानाशी वारा घालून जात. तीन चाकांवरची एक चिमुरडी होती, जिने मला दोनदा मागे टाकलं. आणि कुत्री. इकडच्या कुत्र्यांची दोरी मापायच्या टेपसारखी लांबते. मालक रस्त्याच्या डाव्या कडेला, कुत्रा उजव्या झुडपात, आणि मधे कमरेइतक्या उंचीवर ती बारीक दोरी. संक्रांतीच्या दिवसांत दुचाकी चालवलेल्या माणसाला ती दोरी लांबूनच दिसते. माझा जीव मांजाच्या भीतीने वाचला.

पहिला प्रसंग दोन आजोबांचा. हातात हात मागे बांधून, सावकाश, अगदी मधून चालले होते. मी जवळ गेलो आणि लक्ष्मी रोडच्या संस्कारांप्रमाणे घंटी हाणली. टिंगटिंगटिंगटिंग! त्यातले एक दचकून थेट झुडपात गेले. दुसरे थांबले, त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केलं आणि म्हणाले, “सॉरी.” आयुष्यात मला इतक्या जोरात कोणी झापलं नव्हतं.

“बाबा, असं नाही वाजवायचं,” मुलगी म्हणाली. “अंगावर धावून गेल्यासारखं वाटतं त्यांना.”

ठीक आहे. पुढच्या बाई आल्या तेव्हा मी घंटीला हातच लावला नाही. वेग कमी केला आणि मांजराच्या पावलांनी त्यांच्या बाजूने निघालो. त्या किंचाळल्या. मग छातीवर हात ठेवून, अत्यंत सौजन्याने त्यांनी विचारलं, “तुम्हाला घंटी नाही का?”

तिसऱ्या वेळी मी “एक्स्क्यूज मी” म्हणालो. हे सुरक्षित वाटलं होतं. पण पुढच्या गृहस्थांना वाटलं मला पत्ता विचारायचाय. ते थांबले, वळले, आणि वाटेतल्या बिटन गावाला कसं जायचं ते सांगायला लागले. रस्ता सरळ आहे, हे सांगायला त्यांना चार मिनिटं लागली. मी ऐकून घेतलं. त्यांचं मन मोडवेना.

शेवटी जावयाने शास्त्र सांगितलं. कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या सायकलवाल्यांसाठी इथे नियमच केलाय: घंटी लांबून, हलकेच, दोनदा. टिंग, टिंग. एकदा वाजवली तर लोकांना भास वाटतो, तीनदा वाजवली तर भांडण. दोनदा वाजवून वेग कमी करायचा, बाजू मिळाली की “थँक यू” म्हणायचं, आणि समोरच्याने “सॉरी” म्हटलं तर आपणही म्हणायचं. शिवाय समोरून येणारा प्रत्येक जण “मॉर्निंग” म्हणतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं. पुण्यात अनोळखी माणसाने सकाळी हसून नमस्कार केला तर मी आधी खिसा चाचपतो, वर्गणी असणार. इथे मी बिटनपर्यंत इतक्या मॉर्निंगा परत केल्या की पायांआधी जबडा दुखायला लागला.

बिटनला जुनं स्टेशन हौशी मंडळींनी जपलंय. तिथे तीन मैलांपुरती वाफेची गाडी धावते. आम्ही फलाटावर चहा घेतला. पुढे साल्टफर्डच्या अलीकडे ब्लॅकबेरीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या दिसल्या आणि मी सायकल टाकून तुटून पडलो. करवंदांच्या नात्यातलीच चव, फक्त चीक नाही. खालचा एक घोस तोंडाजवळ नेला तोच मुलगी ओरडली, “गुडघ्याच्या खालची खायची नाहीत, बाबा!” का, म्हणून विचारणार इतक्यात एक कुत्रा आला आणि त्याने पाय वर करून उत्तर दिलं.

बाथला ही एका बाकावर बसली होती. शेजारी अर्धा खाल्लेला, वर साखरेचे खडे लावलेला बाथचा प्रसिद्ध बन. “आलात? मी रोमन लोकांचं हौद बघून आले. पाणी हिरवं आहे,” तिने एका वाक्यात दोन हजार वर्षं उरकली. मी बसलो तो उठेना. पण जावयाने निळी पाटी शोधून ठेवली होतीच. आता आकडा होता दोनशे चव्वेचाळीस.

या वाटेवर दोन बोगदे आहेत. पहिला चारशे मीटरचा, तो आला तसा गेला. दुसरा कूम डाउनचा, १,६७२ मीटर. २०१३ साली उघडला. ऑगस्टच्या उन्हातून आत शिरलो आणि फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं झालं. मंद दिवे, ओला वास, पुढे काही दिसत नाही. अशा जागी जावयाला इतिहास आठवला. या बोगद्याला मधे हवेसाठी एकही झरोका नाही. १९२९ मध्ये मालगाडीच्या चालकाला आणि फायरमनला याच बोगद्यातल्या धुराने बेशुद्ध केलं; गाडी कोणाच्या ताब्यात नसताना उतारावरून बाथच्या यार्डात जाऊन कोसळली. चालक गेला, आणखी दोघे गेले. “हे बाहेर पडल्यावर सांगता आलं असतं,” मी म्हणालो. माझा आवाज चारी बाजूंनी परत आला.

मध्यावर भिंतीतल्या कोनाड्यांतून सूर यायला लागले, तंतुवाद्याचे, लांबलेले. तिथे मुद्दाम तशी योजना केलेली आहे. पण हे मला नंतर कळलं. आधी मी मारुतीचं नाव घेतलं. सूर मागे पडले, पुढे लांबलचक काळोख, माणूस नाही, कुत्रा नाही. सकाळपासून दाबून ठेवलेला अंगठा मला आवरेना. मी मनसोक्त घंटी वाजवली, सहावीतल्यासारखी. नाद घुमत घुमत गेला. आणि मग समोरच्या अंधारातून, कुठल्या तरी न दिसणाऱ्या सायकलवरून, नेमकं दोनदा उत्तर आलं. टिंग. टिंग.

इतकं शांतपणे मला कोणी सुधारलेलं नाही.

बोगद्यानंतर वाट मिडफर्डकडून फिरून डंडासच्या जलसेतूवर येते. खाली नदी, खालीच रेल्वेचे रूळ, आणि त्यांच्या डोक्यावरून पिवळसर दगडाच्या कमानींवर कालवा. आगगाडीच्या वरून होडी जाते! मी पाच मिनिटं पाहत राहिलो; गुडघ्यांनीच तशी विनंती केली होती. तिथून बाथपर्यंत कालव्याकाठची पायवाट. पूर्वी होड्या ओढणारे घोडे या वाटेवरून चालत. आता घोडे नाहीत, होड्या आहेत. लांबट, अरुंद, टपांवर सरपण, कुंड्या, आमच्यासारख्याच दमलेल्या सायकली. माणसं त्यांत राहतात. डेकवर भांडी घासणाऱ्या एकाला मी चक्क “मराठी माणूस दिसतोय” म्हणणार होतो, इतका तो शेजाऱ्याशी तावातावाने बोलत होता.

आणि इथे हंस भेटला. आमच्याकडचा हंस म्हणजे दूध वेगळं, पाणी वेगळं करणारा, नळाचा निरोप दमयंतीला नेणारा. हा वाटेच्या मधोमध उभा होता, मागे राखाडी पिल्लं, आणि मान माझ्या हँडलपर्यंत. मी शास्त्राप्रमाणे वाजवलं. टिंग, टिंग. त्याने पंख पसरले आणि कुकरची शिट्टी अडकल्यावर येतो तसा आवाज काढला.

“बाबा, त्याला काही करू नका हं,” मागून जावई म्हणाला. “बिनखुणेचे हंस इथे राजाच्या मालकीचे असतात.”

मी करणार काय होतो? मी राजाला वाट दिली. वाट अरुंद होती, म्हणून ती काठावरच्या झुडपात दिली, सायकलसकट. तिथे नेटल नावाची वनस्पती होती, खाजकुइलीची गोरी मावसबहीण. पोटऱ्या पेटल्या. एक आजी कुत्र्यासह धावून आल्या, शेजारचंच एक रुंद पान तोडून म्हणाल्या हे चोळा, याने बरं वाटतं. मी चोळलं. आजी सहानुभूतीने बघत राहिल्या. मग न राहवून म्हणाल्या,

“पण तुम्ही आधी घंटी का नाही वाजवलीत?”

परतताना मी आगगाडीने आलो, हिच्याबरोबर, सायकलसुद्धा डब्यात. सायकल दाराशी उभी, मी तिला धरून. वाटेत एक स्टेशन लागलं. चढणाऱ्या प्रत्येकाची पिशवी घंटीला घासून जायची. टिंग. अख्खा डबा माझ्याकडे बघायचा. सॉरी, मी म्हणायचो. टिंग. सॉरी. ही समोरच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. या गृहस्थांना मी ओळखत नाही, असा चेहरा करून. उरलेला अर्धा बन तिने एकटीनेच संपवला.