मुरमांची ट्यूब आणि पहिले बारा आठवडे

दहावी-बारावीच्या वयात तोंडावर मुरूम येतातच, म्हणून घरात ते कुणी मनावर घेत नाही. "वयात आलंय पोरगं, जातील आपोआप." पुष्कळांचे जातातही. ज्यांचे जात नाहीत, ती मुलं मात्र कपाळावर केस ओढून घेतात, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकतात, वाचताना एक हात सतत हनुवटीवर फिरत असतो. माझं स्पष्ट मत आहे की मुरमांची ट्यूब आणि मनाची विचारपूस एकाच दिवशी सुरू व्हायला हवी. कारण औषध जिथे सर्वांत जास्त फसतं, नेमकं तिथेच मूलही खचतं.

साध्या मुरमांसाठी डॉक्टर बहुतेक वेळा ॲडापलिन ०.१ टक्के जेल देतात. ते रात्री लावायचं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून कोरडं करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग वाटाण्याच्या दाण्याएवढं जेल कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असं ठिपक्याठिपक्यांनी घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरा. डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडा. नुसत्या फोडावर थापून उपयोग नाही, कारण पुढचा मुरूम आज स्वच्छ दिसणाऱ्या कातडीखाली तयार होत असतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के हे जंतू मारणारं औषध दिलं असेल तर टॉवेल आणि शर्टाची कॉलर सांभाळा, रंग उडतो. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्महिने लावू नये. जंतू त्याला दाद देईनासे होतात.

आता खरी गोम. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कातडी सोलते, लाल होते, काहींचे मुरूम वाढल्यासारखे दिसतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. हे आधी सांगितलेलं नसेल तर विसाव्या दिवशी मूल आरशात बघतं आणि ठरवतं, 'माझं काही होणार नाही.' ट्यूब कोपऱ्यात जाते आणि मेडिकलमधून दुसरी क्रीम येते.

या दुसऱ्या क्रीमची मला सर्वांत जास्त भीती वाटते. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव ट्यूबवर बारीक अक्षरांत असेल तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवसांत चेहरा स्वच्छ, उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात भाजते, बारीक पुळ्यांचं पीक येतं. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावलं जातं. यातून बाहेर काढणं हे त्वचारोगतज्ज्ञाचंच काम आहे. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा हेही तोंडाला नको.

खोल, दुखऱ्या गाठी असतील आणि खड्डे पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लागू शकतात. सर्वसाधारण हिशेब पूर्ण कोर्सभरात वजनाच्या किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या मुलाला किमान ६,०००. रोज २० ची एक घेतली तर ३०० दिवस. ती जेवणानंतर घ्यायची, पोटात स्निग्ध असेल तर नीट शोषली जाते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येऊ शकतं. यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या होतात. गर्भावर गंभीर परिणाम होतो, त्यामुळे मुलींशी गर्भधारणेबद्दल स्पष्ट बोलावंच लागतं. लाजून चालत नाही.

या गोळीने नैराश्य येतं का, यावर बरीच चर्चा झाली आहे. मोठ्या अभ्यासांत सरसकट धोका वाढलेला दिसलेला नाही, पण एखाद्याचा मूड बिघडू शकतो. ब्रिटनमध्ये २०२३ साली अठरा वर्षांखालील मुलांना ती सुरू करताना औषध लिहून देणाऱ्या दोघांची संमती सक्तीची झाली. घाबरून गोळी नाकारू नका. सुरू करण्याआधी आणि दर भेटीत मुलाच्या मनःस्थितीची चौकशी करा.

विचारायचं कसं? मुलाला एकटं घेऊन, साध्या शब्दांत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का? आधी आवडायचं त्यात मन लागत नाही का? तोंडामुळे क्लास, कॉलेज, खेळ बुडवलास का? जगू नये असं कधी मनात आलं का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि मुरूम मोजून दुःखाचा अंदाज बांधू नका. तीन पुटकुळ्यांपायी घराबाहेर न पडणारी मुलं असतात.

रोज आरसा तपासण्यापेक्षा चार आठवड्यांनी एक फोटो काढा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी. आणि लग्नघरी कुणी "तोंडाला काय झालं गं हिच्या?" म्हणालं, तर उत्तर मुलीवर सोडू नका. "औषध चालू आहे," एवढं आईने किंवा बाबांनी म्हणावं आणि पंगतीचा विषय काढावा.