खंड पडलेल्या रियाजाविषयी

रियाजात पडलेल्या खंडाविषयी एका गायकाने लिहिलेले मनोगत माझ्या वाचनात आले. ‘आईच्या निधनानंतर कित्येक महिने तंबोऱ्याची गवसणी काढवली नाही आणि काढली तेव्हा नुसता षड्जच लावत बसलो’, हा त्यातील भाग मी दोनदा वाचला. माझे वडील तंबोरा लावताना घोडीवरचा दोरा नखाने केसभर सरकवीत आणि तार एकदम बोलू लागे. त्यांनी शेवटचा जिथे ठेवला होता तिथून तो हलवण्याचे धैर्य मला वर्षभर झाले नाही, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बिघडली तरी मी तशीच गात राहिले.

मात्र खंड पडलेला काळ वाया जातो, हे त्या गायकाचे म्हणणे मला पटत नाही. कुमार गंधर्वांना क्षयामुळे काही वर्षे गाणे थांबवावे लागले, तेव्हा देवासला अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली आणि पुढे त्यांच्या धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून घडवलेल्या, रागांत तीच उमलली. ऐकणे हाही रियाजच आहे, असे मी मनापासून मानते. वडिलांच्या कॅसेटी ऐकताना दोन ताना घेण्याच्या मधला त्यांचा श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला. ते समोर बसून शिकवत असताना तो कधीच जाणवला नव्हता.