‘रक्तात असेल तेच येतं’ म्हणे! एका फॉरवर्डचा समाचार

तुमच्याही सोसायटीच्या नाहीतर घरच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड येऊन गेला असेल. ‘विज्ञानाने अखेर मान्य केलं!’ अशी सुरुवात आणि खाली चार मुद्दे. एक, अमेरिकेत तान्हेपणी ताटातूट झालेले जुळे भाऊ चाळिशीत भेटले तेव्हा हुबेहूब निघाले, म्हणजे स्वभाव रक्तातूनच येतो. दोन, गुन्हेगारीचं जनुक सापडलंय. तीन, म्हणून मूल दत्तक घेण्याआधी दहादा विचार करा, कोणाचं रक्त असेल देव जाणे. चार, एकाच घरातली भावंडं वेगळी निघतात, तेव्हा संस्कार वगैरे सब झूट. शेवटी ‘खाण तशी माती’, हात जोडलेले इमोजी आणि एक जाहिरात.

एरवी मी असलं काही न वाचता पुढे सरकते. पण हा आमच्या घरच्या ग्रुपवर पडला आणि त्या ग्रुपवर माझा धाकटा भाऊ आणि भावजय आहेत. दोघांनी दत्तकासाठी नाव नोंदवलंय. समाजसेविका मुलुंडच्या घरी येऊन, स्वयंपाकघरापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळं बघून अहवाल करून गेली. आता वाट बघणं चालू आहे, आणि ती काही महिन्यांची नसते, वर्षांची असते. पाठवणारे आमचे थोरले काका. खाली त्यांची ओळ: ‘सहज पाठवलं, मनावर घेऊ नये.’ भावजयीने अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि ग्रुप म्यूट केला. म्हणून तिसरा मुद्दा आधी घेते. बाकीचे थांबतील.

डेन्मार्कमध्ये 1924 ते 1947 या काळात दत्तक गेलेल्या 14,427 मुलांच्या नोंदी सरकारी दप्तरात होत्या: जन्मदाते कोण, दत्तक पालक कोण आणि यातल्या कोणाला कोर्टात शिक्षा झाली. सार्नॉफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी जुळवून 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. त्यातले मुलग्यांचे आकडे असे. जन्मदाते आणि दत्तक पालक दोघांनाही शिक्षा नाही, अशा घरातल्या 13.5 टक्के मुलांना पुढे शिक्षा झाली. फक्त दत्तक पालकांना झालेली असेल तर 14.7 टक्के. फक्त जन्मदात्यांना झालेली असेल तर 20 टक्के. दोघांनाही झालेली असेल तर 24.5.

आनुवंशिकतेची बाजू मांडायची असली की हाच अभ्यास पुढे करतात. म्हणजे काकांना मिळू शकेल असा सगळ्यात भक्कम साक्षीदार. त्याचीच उलटतपासणी करू. जन्मदात्याला शिक्षा झालेली असताना, दत्तक घर सरळ असेल तर, शंभरातल्या 80 मुलग्यांना कधीच शिक्षा झाली नाही. आणि दोन्हीकडून स्वच्छ असलेल्या शंभरातल्या तेरा-चौदा जणांना झाली. फरक आहे, नाही कोण म्हणतं? साडेसहा टक्क्यांचा आहे. तोही चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरता. हिंसक गुन्ह्यांमध्ये जन्मदाते आणि मुलं यांच्यात असं नातं सापडलंच नाही. एवढ्या भांडवलावर फॉरवर्डवाला अख्ख्या शिशुगृहाला दाराबाहेर उभं करतोय.

बरं, हा सगळा हिशेब जन्मदाते गुन्हेगार आहेत असं धरून. दत्तक दिली जाणारी मुलं गुन्हेगारांची असतात हे कोणी सांगितलं? कोणाचे आईवडील वारलेले असतात, कोणाच्या आईचं लग्न झालेलं नसतं, कोणाला तिसरीही मुलगीच झाली म्हणून सोडून दिलेलं असतं. स्वतःहून मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय फिरवायला कायद्याने दोन महिने मिळतात. त्यानंतर बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते. होणाऱ्या पालकांच्या हातात मुलाचा अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पडतो. ठरवून केलेल्या लग्नात मुलाकडचे एवढी माहिती देत नाहीत, तिथे पत्रिका बघून भागतं. आणि रक्ताचीच खात्री हवी असेल तर आमचे एक चुलत आजोबा चाळीतल्या लोकांचे भिशीचे पैसे घेऊन पसार झाले होते. त्या रक्ताचं काय करायचं, ते काकांनी ग्रुपवर सांगावं.

यातलं खरं नुकसान वेगळंच आहे. रुमानियात बुखारेस्टमध्ये अनाथाश्रमांत राहणाऱ्या 136 मुलांवर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली, निम्मी मुलं प्रशिक्षित कुटुंबांत गेली, निम्म्यांची देखभाल होती तशीच चालू राहिली. घरात गेलेल्यांची बुद्धीची वाढ सुधारली, आणि जी साधारण दोन वर्षांच्या आत घरात पोचली त्यांची जास्त. मुलांना कुटुंबात न्यायचं की संस्थेत ठेवायचं, हे तिथे रक्त बघून ठरलं नव्हतं. असले फॉरवर्ड वाचून एखादं जोडपं कचरलं, तर संस्थेतला मुक्काम लांबतो तो मुलाचा. काकांचं काय जातंय?

आता गुन्हेगारीचं जनुक. फॉरवर्डमध्ये नाव नाही, पण रोख बहुधा एमएओए या जनुकावर असावा. 1993 मध्ये एका डच कुटुंबातल्या आक्रमक वागणाऱ्या काही पुरुषांमध्ये ते बिघडलेलं आढळलं. हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. पुढे 2002 साली न्यूझीलंडमधल्या अभ्यासात दिसलं ते असं की या जनुकाचं मंद रूप असलेल्या मुलांपैकी ज्यांचे लहानपणी हाल झाले, ती पुढे जास्त बिथरली. ज्यांचं बालपण बरं गेलं, त्यांच्या बाबतीत त्या जनुकाने विशेष काही घडवलं नाही. नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आले नाहीत, ते सोडा. पण मूळ अभ्याससुद्धा संगोपनाच्याच बाजूने बोलतोय.

आणि ‘रक्तातच गुन्हा’ हे महाराष्ट्रात बसून लिहायला जरा तरी काही वाटायला हवं होतं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आणला तो याच समजुतीवर. आधी उत्तरेत, मग 1911 च्या कायद्याने देशभर. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींत जन्माला आलं की गुन्हेगार. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट होतं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. आजही सिग्नलला गजरे विकणाऱ्या पारधी पोराकडे आपण काच वर करून बघतो, ते कोणत्या जनुकामुळे?

जुळ्यांचा मुद्दा चटकन उरकते. फॉरवर्डमधले ते जुळे म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले दोन भाऊ, दोघांचंही नाव जिम. ते 1979 साली, वयाच्या 39 व्या वर्षी भेटले. दोघांच्या पहिल्या बायका लिंडा, दुसऱ्या बेटी, दोघांच्या कुत्र्याचं नाव टॉय. मजेशीर आहे खरं. पण बायकोचं नाव लिंडा असण्याचं जनुक नसतं हो. त्या काळी अमेरिकेत लिंडा म्हणजे आपल्याकडची सुनीता, घरोघरी एक. दोघं वाढले एकाच राज्यात. आणि ‘जिम’ हे नाव दोघांनाही दत्तक आईवडिलांनीच ठेवलेलं.

राहिला चौथा. इथे थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. 2015 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये पन्नास वर्षांतल्या जुळ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला, 1 कोटी 45 लाखांहून जास्त जोड्यांचा. माणसामाणसांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सरासरी 49 टक्के निघाला. एकाच घरात वाढल्याचा ठसाही, निदान मोठेपणीच्या स्वभावावर, आपण आईबाप समजतो त्यापेक्षा बराच फिकट असतो. शुभंकरोती म्हणवून घेतली म्हणून मुलगा शांत होईल, या भ्रमात मीही राहिले नाही.

पण 49 टक्के म्हणजे तुमचा निम्मा राग आजोबांकडून आला, असं नव्हे. हा वाटा समाजातल्या फरकाचा आहे, एका माणसाचा नाही. दोन्ही हातांना मिळून दहा बोटं येतात ती जनुकांमुळेच. पण कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये कोणाची नऊ, कोणाची आठ दिसतात ती पॉवर प्रेसमुळे. तिथल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास शून्य. आणि सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकीय विविधता सामायिक असते, त्यामुळे ती वेगळी निघाली यावरून संस्कार झूट ठरत नाहीत. उलट सगळं रक्तातच असतं तर एका आईबापाची पोरं इतकी वेगळी का, याचं उत्तर फॉरवर्डवाल्याने द्यायला हवं.

जाहिरातीचं राहिलं. ‘बोटांच्या ठशांवरून ओळखा मुलाचा जन्मजात स्वभाव’, खाली मोबाईल नंबर. शाळांच्या गेटबाहेर पत्रकं वाटतात तीच ही डीएमआयटी टेस्ट, जिला शास्त्रीय आधार नाही. सगळं रक्तातून येतं हे पटवायला ज्याने जुळ्यांना आणलं, त्याला एवढंही ठाऊक नसावं की हुबेहूब जुळ्यांच्याही बोटांचे ठसे एकसारखे नसतात.