‘इंच जुळले की चेन बसते’? नाही बसत

‘चेनसॉची चेन आणायला जाताना बार किती इंची तेवढं सांगा, कंपनी कुठलीही चालते. सैल पडली तर एक कडी काढायची. झाड मोठं असेल तर मोठा बार लावायचा.’ शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. यातलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

आधी इंचांचं बघू. चेनसॉ म्हणजे लाकूड कापायचं मशीन आणि बार म्हणजे जिच्याभोवती त्याची चेन फिरते ती चपटी पट्टी. बारचे इंच म्हणजे मशीनच्या बाहेर जेवढा बार दिसतो तेवढ्याचं माप. आत क्लचपाशी किती दडलाय, ते मशीनगणिक वेगळं. म्हणून .३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) २० इंची बारला ५८ सीसीच्या चिनी मशीनवर सहसा ७६ ड्राइव्ह लिंक, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्या, लागतात, हस्कवर्ना कंपनीच्या २० इंचीला ८०. या पिचला एक लिंक वाढली की बार सव्वाआठ मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. चार लिंका म्हणजे ३३ मिलिमीटर. ताण देणाऱ्या स्क्रूची धाव सहसा तेवढी नसतेच.

लिंका मोजून आणल्या तरी पिच राहतोच. चेनवरच्या लागोपाठच्या तीन रिव्हेट घ्या, पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. निम्मं करण्याआधी साडेसोळा मिलिमीटर भरलं तर पिच .३२५ इंच, १९ च्या आसपास भरलं तर ३/८ इंच. हाच पिच मशीनच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा हवा आणि बारच्या टोकाला चक्री असेल तर तिचाही. ३/८ मध्येही दोन जाती आहेत, नेहमीची आणि लो प्रोफाइल. आकडा एकच, पण एकीचं स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही.

खरी फसगत गेजमध्ये होते. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकच्या पायाची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. बारच्या १.५ च्या खाचेत १.३ ची चेन आरामात बसते, फिरतेही. मग लाकडात गेल्यावर ती कलते, काप तिरका जातो आणि दोष धार लावणाऱ्याच्या माथी येतो. उलटी चूक परवडली. जाड चेन खाचेत शिरतच नाही, दुकानातच कळतं.

हे सगळं बहुतेक वेळा छापलेलं असतं. बारच्या मशीनकडच्या टोकाची घाण रॉकेलने पुसा, पिच, गेज आणि लिंकांची संख्या दिसेल. ऑरेगॉन कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवरच आकडा असतो: २० म्हणजे .३२५ पिच, १.३ गेज, २१ म्हणजे तोच पिच, १.५ गेज; ९१ म्हणजे लो प्रोफाइल ३/८, १.३ गेज.

‘कंपनी कुठलीही चालते’ हे चेनपुरतं खरं. पिच, गेज, लिंका जुळल्या तर कंपनीच्या नावाने काही अडत नाही. बारचं तसं नाही. बोल्टची खाच, ताणाच्या पिनचं भोक आणि तेलाचं भोक, तिन्ही जागच्या जागी यायला हवीत. तेलाचं भोक झाकलं गेलं तर बार चढतो, मशीन चालतं, पण चेन कोरडी पळते. नवा बार लावलात की मशीन चालू करून टोक पांढऱ्या कागदासमोर धरा, कागदाला न टेकवता. थोड्या वेळात तेलाचे शिंतोडे उमटले नाहीत तर मशीन बंद.

एक कडी काढण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. चेन वापरून लांबली असेल तर ती झिजलेली आहे, कडी काढून झीज भरून येत नाही. शिवाय खिळा-हातोडीने ठोकलेली रिव्हेट पूर्ण वेगात सुटली तर तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मोठ्या बारचं थोडक्यात: मशीनच्या पुस्तकात दिलेल्या कमाल लांबीच्या पुढे गेलात की इंजिन दमतं, तेल टोकापर्यंत पुरत नाही.

आणि स्प्रॉकेटबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. दोन चेन झिजल्या की तेही बदलायचं असतं. दातांत खड्डे पडलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती नीट बसत नाही आणि वेळेआधीच लांबते.