‘फुकट प्लगइनच्या नादी लागू नका’ या सल्ल्याला उत्तर

फोटो एडिटिंग नव्याने शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला प्लगइनबद्दल, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या जादा साधनांबद्दल, कधी ना कधी एक सल्ला मिळतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच असतो. फुकट प्लगइन सुमार असतात. व्यावसायिक मंडळी पैसे मोजतात ती उगाच नाही. चांगलं प्लगइन घेतलं की एडिटिंग शिकत बसावं लागत नाही. प्लगइनने मूळ फोटोला काही होत नाही, तेव्हा बिनधास्त वापरा. ‘लाइफटाइम’ परवाना घ्या, म्हणजे एकदाच खर्च. आणि अगदीच परवडत नसेल तर क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली, प्रत मिळवा.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण तो ऐकून नवखा माणूस आपल्या फोटोत काय बिघडलंय हे पाहायच्या आधी खरेदीला लागतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

‘फुकट म्हणजे सुमार’ हे पहिलं विधान निक कलेक्शन या प्लगइन-संचाच्या इतिहासापुढे टिकत नाही. निक सॉफ्टवेअर ही कंपनी सप्टेंबर २०१२मध्ये गुगलने घेतली. तोवर या प्लगइनच्या पूर्ण संचाला ५०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत. मार्च २०१३मध्ये गुगलने किंमत १४९ डॉलरवर आणली आणि मार्च २०१६मध्ये संच चक्क फुकट केला. त्या वर्षी ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना पैसेही परत मिळाले. ऑक्टोबर २०१७मध्ये डीएक्सओ या कंपनीने तो घेतला आणि जून २०१८पासून पुन्हा विकायला काढला. कृष्णधवल फोटोसाठी अनेकांच्या आवडीचं सिल्व्हर इफेक्स प्रो या सगळ्या फेऱ्यांतून गेलं. महाग असताना ते करड्या छटा जशा हाताळायचं तशाच फुकट झाल्यावरही हाताळत होतं. किंमत बदलली ती मालकाच्या धोरणामुळे. अलीकडचं उदाहरण अ‍ॅफिनिटीचं आहे. फोटो एडिटिंगसाठी इतकी वर्षं पैसे देऊन घेतलं जाणारं हे सॉफ्टवेअर कॅनव्हा या कंपनीने ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस फुकट केलं.

मुळापासून फुकट असलेल्यांतही दर्जेदार काम आहे. गिंप आणि क्रिटा या फुकट एडिटिंग व चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं जी-मिक हे प्लगइन फ्रान्समधल्या ग्रेक या प्रयोगशाळेत २००८पासून घडतंय. घडवणारे लोक प्रतिमाप्रक्रियेचेच संशोधक आहेत. त्यात पाचशेहून जास्त फिल्टर आहेत, आणि कडा शाबूत ठेवून नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) कमी करणारे त्यातले काही फिल्टर मी कुणालाही न संकोचता सुचवेन. फुकट प्लगइनचा त्रास दुसरीकडे असतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पाचशे फिल्टरांची यादी पाहून नवखा गांगरतो. अडलं तर हक्काने विचारायला कुणी नसतं. गिंप ३.० मार्च २०२५मध्ये आलं तेव्हा २.१० साठी लिहिलेली प्लगइन्स त्यात चालेनाशी झाली, आणि ज्यांचे लेखक ती नव्याने लिहायला पुढे आले नाहीत ती मागेच राहिली. म्हणून फुकट प्लगइन निवडताना शेवटचा अपडेट कधीचा आहे हे आधी पाहा.

‘व्यावसायिक पैसे मोजतात’ हे खरं आहे. पण ते कशासाठी मोजतात? मुख्यतः वेळ वाचवण्यासाठी. ल्युमिनॉसिटी मास्क घ्या. उजेडाच्या पातळीनुसार फोटोचा नेमका भाग निवडायची ही पद्धत वापरायला सोपी करणारी पॅनेल विकत मिळतात. पण पहिला मास्क फोटोशॉपमध्येच विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-२ दाबून मिळतो, बाकीचे त्यातूनच तयार करता येतात. त्वचेचा पोत आणि रंग वेगळे करून काम करण्याची फ्रीक्वेन्सी सेपरेशनची पद्धतही दोन लेयर, गॉसियन ब्लर आणि अप्लाय इमेज एवढ्यावर उभी आहे. रिटचरला, म्हणजे फोटो सफाईदार करून देणाऱ्या व्यावसायिकाला, हे हाताने येत असतं, रोज पन्नास वेळा करायचं म्हणून तो बटण विकत घेतो. हाताने कधीच न केलेल्या माणसाच्या पडद्यावर तेच पॅनेल आलं तर कोणतं बटण कधी दाबायचं हेच कळत नाही, आणि पॅनेल तसंच पडून राहतं.

आता तिसरं विधान, ‘शिकावं लागत नाही’. मला सगळ्यात जास्त नुकसान यातच दिसतं.

चेहऱ्याची त्वचा नितळ करणारं प्लगइन त्वचा शोधतं आणि गुळगुळीत करतं. फोटोत खरी अडचण डोळ्यांखालच्या सावलीची आहे, की एका बाजूने पडलेल्या हिरव्या उजेडाची, हे ठरवणं त्याच्या कामात बसत नाही. आकाश बदलणारं प्लगइन ढग बसवून देतं. पण जमिनीवरच्या सावल्या डावीकडे पडल्यात आणि नव्या आकाशातला सूर्यही डावीकडेच आहे, ही विसंगती बघणाऱ्यालाच ओळखावी लागते. झाडाच्या फांद्यांभोवती उरलेली पांढुरकी झालर ओळखण्याची नजरही कुठल्या बटणात मिळत नाही. ज्याला हे दिसत नाही तो स्लायडर शंभरावर नेतो आणि खूश होतो. ज्याला दिसतं तो बावीसवर थांबतो, किंवा प्लगइन बंदच करतो.

याच मुद्द्यात आणखी एक घोटाळा मिसळलेला असतो. ‘प्लगइन’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं सामान म्हणजे प्रीसेट. प्रीसेट म्हणजे तुमच्याच सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरांची जतन केलेली मूल्यं. ओळखायला सोपं आहे. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते लावल्यावर उजवीकडचे एक्स्पोजर, शॅडो, रंगाचे स्लायडर सरकले, तर तुम्ही कोणतीही नवी क्षमता विकत घेतलेली नाही. दुसऱ्या कुणाच्या फोटोला, दुसऱ्या उजेडात जमलेले आकडे तुमच्या फोटोवर येऊन बसले आहेत, इतकंच. प्रीसेट वाईट नसतात. एखादा लावून कोणता स्लायडर किती हलला ते बघणं हा शिकण्याचा चांगला मार्ग आहे, पण त्यासाठी फुकटचे प्रीसेट भरपूर पुरतात.

शिवाय हातातल्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे हे न पाहता प्लगइन घेणारे किती तरी जण असतात. लाइटरूममध्ये विषय किंवा आकाश आपोआप निवडणारे मास्क ऑक्टोबर २०२१मध्ये आले. रॉ फाइलमधला (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीतला) नॉइज कृत्रिम बुद्धिमत्तेने काढणारं डीनॉइज एप्रिल २०२३मध्ये आलं, तेही त्याच वर्गणीत. दोन्ही कामांसाठी लोक आधी वेगळे पैसे देत होते, आणि काही जण सवयीने अजूनही देतात. पूर्णपणे फुकट असलेल्या डार्कटेबल या एडिटरमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) यांनुसार मोजून ठेवलेल्या प्रोफाइलवर चालणारं नॉइज रिडक्शन आहे. ते शिकायला वेळ लागतो, पण आधी ते वापरून पाहायला हवं.

मात्र नॉइज आणि फोटो मोठा करणं या दोन कामांत पैसे घेणारी काही साधनं खरोखर पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. मंद उजेडात उंच आयएसओवर पक्षी, खेळ किंवा रंगमंच टिपणाऱ्याला डीएक्सओचं प्युअररॉ किंवा टोपाझचं एखादं साधन लगेच दिसेल असा फरक देऊ शकतं. अशा माणसाने पैसे खर्च केले तर मी त्याला अजिबात अडवणार नाही. त्याला आपल्या फोटोतला दोष नावानिशी सांगता येतो, आणि हातातल्या साधनाने तो जात नाही हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं.

‘मूळ फोटोला काही होत नाही’ हे अक्षरशः खरं आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा घेतला जातो. लाइटरूममधून फोटो बाहेरच्या एडिटर प्लगइनकडे पाठवला की बहुतेक वेळा त्याची टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये प्रत तयार होते. मूळ रॉ जागेवरच राहते, पण पुढचं सगळं काम त्या प्रतीवर चालतं. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोची हीच प्रत १६ बिट खोलीत घेतली, तर तीन रंगवाहिन्या आणि प्रत्येकी दोन बाइट या हिशेबाने कॉम्प्रेशनविना ती १४४ मेगाबाइटची होते. त्याच फोटोची रॉ फाइल सहसा याच्या निम्म्याहूनही बरीच लहान असते. तीन प्लगइनमधून तीन प्रती निघाल्या की डिस्क का भरली याचं उत्तर मिळतं.

जागेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या प्रतीत व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा समतोल) पक्का झालेला असतो. उडालेल्या हायलाइटमधून (अतिउजळ भागांतून) तपशील परत आणायला रॉमध्ये जेवढी मोकळीक असते तेवढी तिथे राहत नाही. म्हणून एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि लेन्स करेक्शन रॉवरच उरकून घ्या. रॉवर चालणारं डीनॉइज असेल तर तेही सुरुवातीलाच करा. परिणाम देणारी प्लगइन त्यानंतर, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, फोटो कुठे आणि केवढा वापरायचा हे ठरल्यावर. फोटोशॉपमध्ये काम करत असाल तर प्लगइन लावायच्या आधी लेयरचा स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ पिक्सेल जपणारा लेयर) करा. जी प्लगइन याला साथ देतात त्यांचं सेटिंग पुढेही उघडून बदलता येतं.

‘लाइफटाइम’बद्दल थोडक्यात. आयुष्य मोजलं जातं ते बहुधा त्या आवृत्तीचं. ऑक्टोबर २०१९मध्ये मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं, तेव्हा पैसे देऊन घेतलेली किती तरी जुनी प्लगइन एका अपडेटमध्ये निकामी झाली. परवाना शाबूत होता, प्लगइन उघडत नव्हतं. कंपन्याही वाट बदलतात. अ‍ॅडोबीने २०१३मध्ये फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर नेल्या, टोपाझने २०२५मध्ये तेच केलं. घेण्याआधी अपडेट किती काळ मिळणार आणि परवाना किती यंत्रांवर चालणार, या दोन गोष्टी वाचून घ्या.

क्रॅक केलेल्या प्रतीचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. स्टॉप-डीजेव्हीयू हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅक सॉफ्टवेअरमधून पसरलं. प्लगइन बसवताना आपण त्याला संगणकावर पूर्ण मोकळीक देतो, आणि त्याच संगणकावर आपले सगळे फोटो असतात. शिवाय एखाद्याने वर्षानुवर्षं खपून लिहिलेलं साधन चोरून वापरायचं, आणि आपला फोटो कुणी विनापरवानगी उचलला की चिडायचं, हे मला पटत नाही.

परवडत नसेल तर ट्रायल आहे. बहुतेक मोठ्या प्लगइनची काही दिवसांची फुकट ट्रायल मिळते, ती नीट वापरा. विक्रीसाठी दाखवलेले नमुने निवडून घेतलेले असतात, त्यामुळे आपल्याच रॉ फाइली घ्या: एक रात्रीची, एक उजेडाविरुद्ध काढलेली, एक चेहऱ्याची. आधी हातातल्या सॉफ्टवेअरने जमेल तेवढं करा, मग प्लगइनने करा, आणि दोन्ही शंभर टक्के झूमवर शेजारी ठेवा. केस, पानं आणि लांबवरच्या पाटीवरची अक्षरं बघा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं नसलेला तपशील रचतात, आणि तो आधी अक्षरांत आणि दूरच्या चेहऱ्यांत पकडला जातो. एका फोटोला किती वेळ लागला तेही घड्याळ लावून मोजा. ही प्लगइन ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतात, आणि साध्या यंत्रावर एकेका फोटोसाठी मिनिटं लागत असतील तर ते प्लगइन कितीही चांगलं असलं तरी शे-दोनशे फोटोंवर तुम्ही ते वापरणार नाही.