बाल्कनीतलं आवर्तन

पाटबंधारे खात्यात माझी ३१ वर्षं गेली. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, आणि तो दिवसभर वाहिला तर साधारण साडेचोवीस लाख लिटर, हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येतं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांची नावं आमच्या घरात पाव्हण्यांसारखी घेतली जायची. असा माणूस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर, हातात तांब्या घेऊन तुळशीपुढे उभा होता आणि त्याला एकच प्रश्न पडला होता. हिला किती?

लेकीच्या बाळंतपणासाठी ही पुण्याला गेली. जाताना फ्रिजमधल्या डब्यांवर अर्धा तास बोलली, गॅसच्या रेग्युलेटरवर पंधरा मिनिटं आणि बाल्कनीतल्या सत्तावीस कुंड्यांवर एक वाक्य.

"झाडांना लागेल तेवढं पाणी घाला."

"म्हणजे किती?"

"अहो, लागेल तेवढं. बघितलं की कळतं."

पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' लिहितात ना, त्यातला हा प्रकार. ज्याला आधीपासून येतं त्याच्याचसाठी लिहिलेलं.

सकाळी आमराईत फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींपुढे विषय काढला. एक म्हणाले, रोज एक तांब्या. दुसरे म्हणाले, दिवसाआड. तिसऱ्यांनी तांदूळ धुतलेलं पाणी सुचवलं आणि चौथ्यांनी स्वतःच्या प्रोस्टेटचा विषय काढला. नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मेलं तर दुसरं घेऊन जावा." धंदा बघता त्याचं बरोबरच होतं.

मग मी मला येतं ते केलं. रजिस्टर घातलं. कुंडी क्रमांक, पीक, पाळीचा दिनांक, दिलेले पाणी, शेरा. तांब्या मोजला, ८५० मिली भरला. सत्तावीस कुंड्या, प्रत्येकी एक तांब्या, रोज सकाळी सहाला, म्हणजे दिवसाला जवळजवळ तेवीस लिटर. समन्यायी वाटप. जाड पानांच्या जेडला तेवढंच, गुलाबाला तेवढंच, कढीपत्त्याला तेवढंच. टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या, कुंडीला पाणी पोचलं नाही अशी तक्रार येऊ द्यायची नाही, हा माझा नोकरीतला बाणा.

तक्रार आली ती खालच्या मजल्यावरनं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांचं माहेर गावभागातलं. २००५ चा पूर बघितलेला, २०१९ चाही बघितलेला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं, वहिनींना तर पाण्याचा आवाज पाठ. त्या वर आल्या, हातात कुरडयांचं ताट.

"काका, धरणातनं पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या गावांना कळवतात. आम्हाला निदान एक फोन?"

३१ वर्षांत इतका मोजका आणि इतका बिनतोड अर्ज माझ्या टेबलावर आला नव्हता. त्याच संध्याकाळी मी गणपती पेठेतनं सत्तावीस थाळ्या आणल्या आणि प्रत्येक कुंडीखाली एकेक सरकवली. विसर्ग शून्य. खालचं गाव सुखी.

कुंडीचं भोक कशासाठी असतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मनी प्लांटच्या प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. मी हिला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. म्हटलं, "दव पडलंय बघ." एप्रिलात, सांगलीत, तिसऱ्या मजल्यावर, दव! ही बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मुळांनी जास्तीचं ओढलेलं पाणी रात्री असं पानाच्या कडेनं बाहेर येतं, हे मला मागाहून कळलं. झाड चक्क म्हणत होतं, बास करा, भरलं.

दुपारी दोनला तुळस मान टाकायची. उन्हात तिला पडदे सोडल्यासारखी पानं खाली सोडायची असतात, हे मला काय माहीत. मी धावत जाऊन तांब्या ओतायचो. संध्याकाळी ती ताठ. मी शेऱ्यात लिहायचो, 'पाणी देताच पीक सुधारले.' ऊन उतरलं की ती तशीही ताठ व्हायची, पण श्रेय घ्यायची सवय एकदम सुटत नाही.

मग कढीपत्ता पिवळा पडला. म्हटलं, तहानलाय. दोन तांबे केले. तो आणखी पिवळा पडला. तीन केले.

सुदैवानं त्याच सुमाराला आटपाडीचा पुतण्या मिरजेला दवाखान्याच्या कामाला आला आणि मुक्कामाला इकडं आला. त्याची डाळिंबाची बाग आहे. चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला आणि तिथंच थबकला.

"काका, बोट घाला की."

"कुठं?"

"मातीत. दोन पेरं आत."

घातलं. वर कोरडी ठणठणीत, आणि आत बोट गेलं ते पेढ्यात गेल्यासारखं. बाहेर आलं तेव्हा त्याला काळा चिखल आणि गटारीसारखा वास. त्यानं जेड नुसता उचलला तर झाड हातात आणि मुळं कुंडीत. देठ शिजलेल्या पडवळासारखा झाला होता.

"मुळांना हवा लागती काका. पाण्यानं मातीतली सगळी हवा हाकलली तर ती गुदमरून कुजत्यात. कुजली की त्यांना पाणी ओढता येत न्हाई, म्हणून पान मलूल. आणि पान मलूल म्हणून तुम्ही आणखी ओतताय."

हे त्यानं मला सांगावं! वाळव्याकडं पाटाच्या पाण्यानं क्षारपड झालेल्या रानांच्या बांधावर उभं राहून 'पाणी जास्त म्हणजे पीक जास्त नव्हे' असं मी शेतकऱ्यांना किती वेळा सुनावलंय. आणि घरात साडेतीन फुटांच्या बाल्कनीत मी सत्तावीस पाणथळ रानं तयार केली होती. त्यानं थाळ्या काढल्या, रिकाम्या केल्या आणि म्हणाला, "डाळिंबाला ताण दिल्याबिगर बहर धरत न्हाई. यास्नीबी जरा उपाशी ठेवा."

मी मनापासनं ठेवलं. इतकं की मध्येच एका मित्राच्या मुलाच्या लग्नात कराडला गेलो, तिथनं कोल्हापूरला, आणि बाल्कनी विसरलो. परतलो तर गुलाबाच्या कुंडीतली काळी माती आक्रसून कडेपासून बोटभर सुटलेली. पाणी ओतलं, ते त्या फटीतनं थेट भोकातनं खाली. मला वाटलं, भरली कुंडी. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, ती अख्खी कुंडी पाण्याच्या बादलीत बसवा. बसवली. मातीतनं बुडबुडे यायला लागले, बुडुक बुडुक, एखादी म्हातारी बाई कुणाचीतरी तक्रार करत असल्यासारखे. दहाएक मिनिटांनी थांबले. बाहेर काढली, निथळू दिली आणि पहिल्यांदा कुंडी हातात घेतल्यावर जड म्हणजे काय ते कळलं. आता मी उचलूनच बघतो. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर राम राम.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ही आली. पाय धुवायच्या आधी बाल्कनीत. मोगरा पांढराशुभ्र फुललेला. तिनं एक फूल तोडून वास घेतला.

"यंदा इतका कसा आला हो?"

मी लगबगीनं आत जाऊन रजिस्टर काढलं. मोगऱ्यापुढे कराड-कोल्हापूरचे नऊ दिवस कोरे होते. लाल शाईनं तिथं लिहिलं, 'नियोजनपूर्वक ताण देण्यात आला,' आणि खाली सही ठोकली.

तिनं खांद्यावरनं वाकून वाचलं. मग बोट वर सरकवत सात नंबरच्या ओळीवर, जेडवर, आणून थांबवलं.

तिथं मी आधीच लिहून ठेवलं होतं. 'अतिवृष्टी.'