ते पोहत का नाही?

काल एका ओळखीच्यांकडे वास्तुशांत होती. घर सुरेख, जेवण सुरेख, वहिनींचं अगत्य तर विचारू नका. आणि हॉलच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, स्टुलावर, काचेच्या पसरट भांड्यात एक जिवंत स्टार कासव. खाली रंगीत गोट्या, वर चार बोटं पाणी. पाठीवर हळदकुंकू वाहिलेलं. येणारा प्रत्येकजण हात जोडत होता, दोघातिघांनी पाण्यात नाणी टाकली. ते कासव पुढचे दोन्ही पाय काचेवर टेकून मान वर ताणत होतं, घसरत होतं, परत पाय टेकत होतं. पूजा, आरती, जेवणाच्या दोन पंगती होईपर्यंत हेच चाललं होतं.

वहिनींचा सात वर्षांचा मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, ते पोहत का नाही?"

मी म्हणाले, "दमलं असेल रे." आणि मठ्ठा घ्यायला उठले.

त्या उत्तराची कालपासून इतकी लाज वाटतेय की झोप नाही. म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, वाचायचं तर वाचा.

ते पोहत नाही कारण ते पाण्यातलं कासवच नाही! ते माळरानावरचं, काटेरी झुडपांतलं. गवत, पाला, निवडुंग, गळून पडलेली फळं-फुलं खाणारं. राजस्थान-गुजरातकडे सापडतं, खाली आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत, आणि पलीकडे श्रीलंकेत. उथळ पाण्यात तोंड घालून पितं, तेवढाच त्याचा पाण्याशी संबंध. खोल पाण्यात बुडून मरतं. हे मला माहीत आहे, कारण आमच्या घरानं एक मारलंय.

१९९४ साल, चिपळूण, मी चौथीत. मे महिन्यात मामा मुंबईहून आला तो बुटाच्या खोक्यात कासव घेऊन. माझ्या मुठीत मावेल एवढं. काळ्या पाठीवर पिवळे टिंब आणि प्रत्येक टिंबातून फुटलेल्या रेघा, कुणीतरी बसून बारीक रांगोळी काढावी तशा. मी त्याचं नाव ठेवलं दगडू. मोरीजवळच्या घमेल्यात पाणी भरून त्याला ठेवलं, कारण कासव म्हणजे पाणी, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. दूधपोळी घातली. भात घातला. त्याच्या पोटाला नको ते सगळं प्रेमानं घातलं. संध्याकाळी पडवीत सोडायचो, तर ते भिंतीला लागून चालत सुटायचं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिथून परत. पाठ भिंतीला घासली जायची, खर्र, खर्र. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो, दगडू फिरायला निघाला म्हणून. आजी एकदाच म्हणाली, "वाट शोधतंय गो ते."

तो आवाज मला काल त्या आरतीत ऐकू येत होता, कासव काचेवर पाय घासत असताना.

आता कायद्याचं बोलते, कारण काल जेवताना एक गृहस्थ म्हणाले, "कासवाला कसलं आलंय लायसन्स?" अहो, लायसन्सचा प्रश्नच येत नाही. स्टार कासव घरात ठेवणं, विकत घेणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून तर ते पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या जिनिव्हाच्या परिषदेत आपल्याच सरकारनं पुढाकार घेऊन त्याचा जगभरातला व्यापार बंद करून घेतला. आणि आपण इथे त्याला स्टुलावर ठेवून नाणी टाकतोय.

कायदा माहीत नव्हता, हे मी समजू शकते. आम्हाला तरी कुठे माहीत होता. पण समोर एक जीव तीन तास घसरतोय हे दिसायला कायदा कशाला माहीत असायला लागतो? आपली एवढी शिकलेली माणसं, पितृपंधरवड्यात कावळ्याला घास ठेवणारी, वारीला जाणारी, त्यातल्या एकालाही दिसू नये? मला दिसलं आणि मी मठ्ठा घ्यायला उठले, तेव्हा मी तरी कुणाला बोलू.

"आम्ही त्याच्यावर किती प्रेम करतो" हे मला परवापरवापर्यंत पटायचं. आता ऐकवत नाही. मी दगडूवर जेवढं प्रेम केलं तेवढं त्या वयात कुणावरच केलं नसेल. शाळेतून धावत यायची. पण प्रेम करणारी मी होते, बुटाच्या खोक्यातून आलेला तो होता. त्याला कुठल्या तरी बांधावरून, पावसाळ्यातल्या ओल्या गवतातून उचललं, पोत्यात भरलं, तेव्हा माझ्या प्रेमाचा काय उपयोग झाला? ही कासवं गोळा करणारी माणसं बहुतेक गरीब असतात, त्यांच्या हाती चार रुपये पडतात, पुढचा पैसा दलालांचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त एका ठिकाणाहून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं उचलली जातात असं आढळलं. एका ठिकाणाहून! पाय हलू नयेत म्हणून चिकटपट्टीनं गुंडाळून, मोज्यात घालून, बॅगांत थरावर थर रचून नेतात. वाटेत किती मरत असतील ते तुम्हीच ठरवा. जी एक तुमच्या दिवाणखान्यात पोचते, तिला आपण लक्ष्मी म्हणतो.

कुणी म्हणेल, रानात तरी ती कुठे सुखात आहेत, शेतं पसरली, रस्ते झाले, गाड्यांखाली चिरडतात. चिरडतात, मान्य. कुणी म्हणेल, तुझ्या घरात मांजर आहे त्याचं काय. आहे. नको झालं की ते खिडकीतून निघून जातं, आणि भूक लागली की सगळी बिल्डिंग जागी करतं.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. कासव ओरडत नाही. "काही त्रास नाही हो त्याचा" असं वहिनी पाहुण्यांना कौतुकानं सांगत होत्या. दगडूचाही त्रास नव्हता. जुलैत चिपळूणच्या त्या पावसात त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचा. पाठ बोटानं दाबली तर आत जायची, ओल्या पुठ्ठ्यासारखी. ऊन नाही, कॅल्शियम नाही, सारखं पाण्यात, दुसरं काय होणार होतं. बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते भले गृहस्थ, म्हणाले, "मी म्हशी बघतो, याचं मला काय कळतंय." नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते गेलं. गेलं हेसुद्धा आम्हाला दुपारी कळलं. सकाळी मी शाळेत जाताना त्याच्या तोंडापाशी पोळीचा तुकडा ठेवून गेले होते. परसात कढीपत्त्याखाली पुरलं. आजीनं वर तुळशीचं पान ठेवलं.

हे एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय. वहिनी वाईट नाहीत. त्यांना कुणीतरी "वास्तूला चांगलं असतं" म्हणून भेट दिलंय, त्या रोज त्याचं पाणी बदलतात, मुलगा काकडीचे तुकडे करून घालतो. माझा मामाही वाईट नव्हता. भाचीला आनंद व्हावा म्हणून लोकलच्या गर्दीत खोकं छातीशी धरून आणलं होतं त्यानं. पण मामाला सांगणारं कुणी नव्हतं. आपल्या देवळांत देवासमोर दगडाचं कासव असतंच की. त्याला हळदकुंकू वाहा, पितळेचं आणा, चांदीचं आणा. श्रद्धेला माझी काही हरकत नाही.

आणि कृपा करून "मग टेकडीवर सोडून देतो" हा उद्योग करू नका. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं मुळातच वेगळ्या वाणाची, आपल्याकडचं कुठलं ते आपल्याला कळत नाही, शिवाय घरात राहिलेल्याच्या अंगात कसले आजार असतील आणि ते रानातल्यांना लागतील का, सांगता येत नाही. वनविभागाचा १९२६ हा फुकट नंबर आहे. त्यांच्या हवाली करा. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं विमानानं बंगळूरला परत आणली होती. तिथून परत येऊ शकतात, तर आपल्या बिल्डिंगमधून का नाही?

ही पोस्ट टाकण्याआधी वहिनींना फोन केला. पाठीमागून त्यांना वाचायला लागू नये म्हणून. दगडूचं सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोलते." मला वाटलं, राग आला असणार.

आत्ता मेसेज आलाय. "हे अजून तयार नाहीत. पोलीस येतील म्हणून घाबरलेत. पण भांड्यातलं पाणी काढलंय, गोट्या काढल्यात. जमिनीवर ठेवलंय त्याला. भिंतीच्या कडेनं चालतंय सारखं, बाळ्या त्याच्या मागून फिरतोय."

उद्या सकाळी जातेय त्यांच्याकडे. १९२६ ला फोन लावताना शेजारी बसेन म्हणाले. आणि बाळ्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.